यंदा चौथा उद्गार कुणाला

झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी गुड फ्रायडेचे उद्गार वाटले, आणि त्याच दुपारी आमच्या घरात संशय येऊन बसला.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. क्रुसावर असताना येशू सात वेळा बोलला. गुड फ्रायडेच्या दुपारी आमच्या रायपूरच्या गुढियारी भागातल्या छोट्या मराठी मंडळीत सात जण एकेक करून उभे राहतात आणि त्यातल्या एकेका उद्गारावर बोलतात. मधे गीत, मग पुढचा. कुणाला कितवा उद्गार मिळतो त्यावरून मंडळीत माणसाची किंमत ठरते. तसं कुणी म्हणत नाही, पण ठरते. पहिला, क्षमेचा, पाळकांचा. पाचवा, तहान लागल्याचा, सगळ्यांत छोटा. तो नवख्यांना देतात. आणि चौथा, ज्यात येशू देवालाच विचारतो की मला का टाकलंस, तो मला आठवतं तेव्हापासून माझ्या बाबांचा होता.

बाबा म्हणजे शामराव ओहोळ, मालगाडीचे निवृत्त गार्ड. चौथ्या उद्गारावर बोलताना ते माझ्या मोठ्या भावाची गोष्ट सांगत. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव दानिएल, घरातलं लहानू. माझ्या जन्माआधीच तो तापाने गेला. बाबा सांगत की ते त्याच्या उशाशी बसले होते, त्याचा हात हातात होता, आणि त्याने विचारलं, "बाबा, मी बरा होईन ना?" विश्वासात वाढलेल्या माणसाकडे उत्तर नव्हतं. इथे बाबा थांबत. मग समोरच्या सतरंजीकडे हात करून म्हणत, "ती पाहा, ती बसली आहे त्याची आई. विचारा तिला, त्या दिवशी देव कुठे होता." सगळे वळून आईकडे पाहत. आई पदर सारखा करी. मागून हुंदके ऐकू येत. भिलाईहून, तिल्द्याहून लोक खास हा उद्गार ऐकायला येत. घरी परतताना बाबा दमलेले असत, आणि खूश.

माझ्या भावाशी माझी ओळख एवढीच, त्या गोष्टीतली.

तर त्या रविवारी पाळक निरंजन खरात यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. चौथा म्हणताना बाबा सवयीने अर्धे उठले.

"चौथा, शेखरभाऊ," पाळक म्हणाले. "पाचवा, ओहोळकाका."

बाबा तसेच खाली बसले. जणू पाय आखडला होता म्हणून उठले होते.

आम्ही घरी आलो. चपला काढताना बोलले.

"रस्ता दिला, उद्गार घेतला."

शेखर साळवी मंत्रालयात होते. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळहून बदलून आलेल्या लोकांपैकी एक. राजधानी झाल्यापासून अर्धं रायपूर खणून ठेवलं होतं, पण चर्चसमोरची गल्ली मात्र पक्की झाली होती, ती त्यांच्या ओळखीने, असं सगळे म्हणत.

"बाबा, रस्ता सगळ्या वस्तीसाठी झाला," मी म्हणाले.

"तू गप बस. तुले माणसं नाही समजत, तुले कोळसा समजते." मी सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न प्लांटमध्ये प्रयोगशाळेत होते, कोळशाचे आणि लोखंडाचे नमुने तपासत. "हे एकट्या शेखरचं काम नाही. पाळक आतून मिळाला हाये. नाताळात मी त्याची चूक काढली होती ना सगळ्यांसमोर? अध्याय चुकीचा सांगून राहिला होता. तेव्हापासून डोक्यात ठेवलं त्यानं. आणि ते शांताबाई! मागच्या वर्षी म्हणत होती, भाऊ, थोडं आटोपतं घ्या. आटोपतं! पाहतो एकेकाले."

आई आत भात टाकत होती.

नंतर बाबांनी मला बाजूला घेतलं. "तू सायन्सवाली ना? मंग शोधून काढ. कोण हाये याच्या मागं."

हे काम मी घ्यायला नको होतं, पण मला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं चाललेली गोष्ट बदलते तेव्हा काहीतरी कारण असतं, आणि कारण कुणी सांगत नाही तेव्हा ते लपवण्यासारखं असतं. मी त्याच पद्धतीने निघाले जी मला येते: एकेक शक्यता घ्यायची आणि खोडता येते का पाहायचं.

शेखर साळवी सोमवारी संध्याकाळी घरी सापडले. त्यांना मराठी कळत होतं, उत्तर हिंदीत येत होतं.

"दीदी, मैंने तो हाथ जोड़े थे," ते म्हणाले. "मुझे पाँचवाँ चाहिए था. छोटा है, निपट जाता है. चौथा लेकर मैं क्या करूँ? वहाँ काकाजी के बाद कौन सुनेगा मेरेको? मिसेस तो अभीसे हँस रही है."

आतून मिसेसच्या हसण्याचा आवाज आलाच. समोर टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता आणि पेनाचं टोपण चावलेलं होतं. कट करणाऱ्या माणसाची ही लक्षणं नव्हती. शेखर खोडले.

शांताबाई आमच्या शेजारच्याच. महिला मंडळाच्या प्रमुख, आईच्या जुन्या मैत्रीण. मी विचारलं तेव्हा त्या अंगणात वड्या वाळत घालत होत्या.

"मी काहून काही सांगू पाळकाले? मी तर आटोपतं घ्या म्हणली, बंद करा कुठं म्हणली?"

"मग कोण म्हणलं, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक वडी उचलली, पुन्हा तिथेच ठेवली. "पोट्टी, तू नको खोदू."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि जे माहीत होतं ते त्या मला सांगणार नव्हत्या. एरवी शांताबाईंच्या पोटात चहाचा घोटही फार वेळ राहत नाही. मला पहिल्यांदाच थोडी भीती वाटली.

पाळकांकडे मी मंगळवारी कामावरून परस्पर गेले. ते माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते, आणि बाबांची त्यांना धास्ती होती हे लपत नव्हतं. मी सरळच विचारलं.

"काकांना सांग, राग माझ्यावर काढा," ते म्हणाले. "कारण मी सांगू शकत नाही."

"सांगायचं नाही, की सांगू शकत नाही?"

"सांगू शकत नाही."

हा फरक मी डोक्यात ठेवला. स्वतःचं कारण माणूस सांगत नाही. दुसऱ्याचं असेल तर सांगू शकत नाही.

निघताना पाळकबाई मायाताई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला. "आईले दे. त्या दिवशी राहून गेला आमच्याकडं."

झाकणावर आमचंच नाव कोरलेलं होतं. मी डबा घेतला आणि कोणत्या दिवशी ते विचारलं नाही, कारण तेवढ्यात मला आठवलं होतं. महिन्याभरापूर्वी आई पडद्यांचं कापड आणायला म्हणून पंडरीला गेली होती. उशिरा आली, रिकाम्या हाताने. "पसंत नाही पडलं," म्हणाली होती. पंडरीच्या एवढ्या कापडबाजारात एक पडदा पसंत पडला नाही, हे तेव्हाही मला विचित्र वाटलं होतं.

घरी आल्यावर मी डबा ओट्यावर ठेवला. आईने तो पाहिला, मग मला पाहिलं, मग डबा घासायला घेतला. तो स्वच्छ होता तरी घासला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींवर लक्ष ठेवून होतो. ती पाहत होती मी बाबांना सांगते का. मी पाहत होते ती मला सांगते का. बाबा बाहेर खुर्चीत बसून गल्लीतून जाणाऱ्या मंडळीच्या प्रत्येक माणसाच्या नमस्काराचा अर्थ लावत होते. "पाह्यलं? हात अर्धाच वर केला त्यानं."

बुधवारी त्यांचं ठरलं. गुरुवारी प्रभुभोजन असतं. आमच्याकडे भाकर मोडण्याआधी पाळक विचारतात की कुणाचं कुणाशी काही असेल तर आधी मिटवा, मग मेजाकडे या. विचारतात आणि थोडा वेळ थांबतात. सगळे खाली मान घालतात. त्या शांततेत कधी कुणी उठल्याचं मला माहीत नाही.

"उद्या मी उठतो," बाबा म्हणाले. ते जेवायला बसले होते. "सरळ सांगतो. माझं पाळकाशी हाये. माझं शेखरशी हाये. भाकर नाही घेत म्हणतो. मंग पाहू, तोंड कुठं लपवते."

आई वाढत होती. तिने वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"माझं नाव घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"उठणारच असाल तर माझं नाव घ्या. पाळकाले मी सांगतलं. चौथा उद्गार यांले देऊ नका म्हणून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी हा निष्कर्ष चुकीचा काढला आहे आणि आता दुरुस्त करेन. मी ताटाकडे पाहिलं.

"तू?"

"हव."

"काहून? माझ्या घरातलं माणूस, तू माझ्या मागं जाऊन..." त्यांचा आवाज चढला. "लोकं दुरून येतात, माहीत हाये ना? लोकं रडतात!"

"रडतात," आई म्हणाली. "मंग चहा पितात. मी घरी येते आणि मले चहा जात नाही. दरवर्षी तुम्ही माझ्याकडं बोट करता. सगळे वळून पाहतात, कशी दिसते म्हणून. एवढी वर्षं झाली, मले त्याच्यासाठी रडताच नाही आलं, लोकंच रडून राहिले."

"मी देवाचं काम म्हणून..."

"तुम्ही कुठं होते?"

बाबा थांबले.

"त्या दिवशी. तुम्ही कुठं होते?"

"ड्यूटीवर," बाबा म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं.

"डोंगरगडच्या अलीकडं गाडी उभी होती. तुम्ही आले तेव्हा त्याले न्हाऊ घातलं होतं. शांताबाईनं पाणी आणलं, मी घातलं. हात माझ्या हातात होता. आणि तो जे बोलला ते तुम्ही सांगता ते नाही. ते मले माहीत हाये. तुम्ही कधी विचारलं नाही."

मी तेव्हा त्या गोष्टीची सगळी रूपं मनात लावून पाहिली. एका वर्षी बाहेर पाऊस होता, दुसऱ्या वर्षी लू चालत होती. एकदा डॉक्टर दाराशी उभे होते, एकदा डॉक्टर मिळालेच नव्हते. प्रयोगशाळेत एकाच नमुन्याचे आकडे असे इकडेतिकडे गेले असते तर मी तो नमुना फेकून दिला असता. इथे मला कधी शंकाच आली नव्हती. सांगणारे बाबा होते.

बाबांचा घास ताटात तसाच होता. "पहिल्या वर्षी," ते म्हणाले, "मी एवढंच म्हणणार होतो की मी नव्हतो. सगळे माझ्याकडं पाहून राहिले होते. आणि तोंडातून निघालं, मी उशाशी होतो. मंग पुढच्या वर्षी लोकांनी तेच मागतलं." थोड्या वेळाने म्हणाले, "मले आता खरंच दिसते ते. मी बसलो हाये, त्याचा हात..."

आईने ताट उचललं नाही, ते तसंच समोर राहू दिलं आणि ती आत गेली.

गुरुवारी पाळकांनी विचारलं तेव्हा मी बाबांचे गुडघे पाहत होते. ते हलले नाहीत. शेखर साळवींनी मात्र भीतीने एकदा मागे वळून पाहिलं. भाकर घ्यायला बाबा गेले नाहीत. बसून राहिले, आणि पाळकांनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

घरी आल्यावर मात्र त्यांचा चेहरा निराळा होता. चालण्यात जुना जोर आला होता.

"वनमाला, मी ठरवलं. उद्या पाचव्या उद्गाराले उठलो की सगळं कबूल करतो. सगळ्यांसमोर. शामराव ओहोळ खोटं बोलला म्हणून सांगतो. भिलाईवाले येतील, तिल्द्याचे येतील, सगळ्यांसमोर गुडघे टेकतो. आपल्या मंडळीत असं कुणी केलं नसेल आजवर."

मला ते ऐकून आधी भरून आलं. मग शेवटचं वाक्य पुन्हा कानात वाजलं.

आई पदराची पिन काढत होती. "आणि मी कुठं बसू?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्ही गुडघे टेकाल. लोकं रडतील. मंग सगळे वळून पाहतील, हिच्या लेकराबद्दल खोटं बोलला तो, कशी दिसते. पुढच्या वर्षी तेच मागतील."

बाबा खाटेवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरची चमक हळूहळू गेली, आणि ती जाताना त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं.

"मंग लोकांले काय सांगू? विचारतीलच. यंदा काहून नाही म्हणतील."

"काही नका सांगू."

"काही तरी समजतील ते."

"समजू द्या."

"माझ्याबद्दल!"

"हव," आई म्हणाली. "तुमच्याबद्दल."

शुक्रवारी चर्च भरलं होतं. उन्हामुळे पंखे पूर्ण वेगात होते आणि झावळ्या अजून खिडक्यांना बांधलेल्या होत्या. भिलाईचे नरहरी मास्तर नेहमीसारखे पुढे जागा धरून बसले होते. फळ्यावर खडूने नावं लिहिलेली वाचून ते उठून आमच्याकडे आले.

"ओहोळजी, हे काय? चौथा दुसऱ्याकडं? तब्येत?"

"तब्येत ठीक आहे."

"मग पाळकांशी काही?"

"नाही."

मास्तरांनी आवाज उतरवला. "घरात काही?"

बाबांचे कान लाल झाले. ते खोटं बोलू शकले असते. मीच सोडला, नव्या माणसांना वाव दिला, असं म्हटलं असतं तर मास्तरांनी तिथल्या तिथे पाठ थोपटली असती. मी त्या वाक्याची वाटच पाहत होते.

"मले दिला नाही," बाबा म्हणाले. "बरोबर केलं."

मास्तर परत गेले ते शेजारच्याच्या कानाला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "इतने साल बाद हटाया है, कुछ तो बात होगी." दुसऱ्याने काहीतरी उत्तर दिलं आणि दोघे हसू दाबत राहिले. रविवारपासून बाबा ज्या नजरेने सगळ्यांकडे पाहत होते, तीच आता सगळीकडून त्यांच्याकडे येत होती. त्यांनी एकदा मागे वळून तोंड उघडलं. मग पुन्हा समोर पाहिलं. जे खरं होतं ते सांगायचा हक्क त्यांचा नव्हता, हे बहुधा त्यांना त्या क्षणी नीट कळलं.

शेखर साळवी चौथ्या उद्गारावर घाम पुसत बोलले. भोपाळ सुटल्यावर पहिल्या वर्षी इथे कुणी ओळखीचं नव्हतं, मुलांना शाळा मिळत नव्हती, तेव्हा त्यांनाही वाटलं होतं की देवाने सोडलं, असं काहीसं. कुणी रडलं नाही. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. आई सरळ बसून शेवटपर्यंत ऐकत होती.

मग बाबा उठले. लोक सावरून बसले. काहींनी रुमाल काढले. त्यांना वाटलं, उद्गार बदलला तरी गोष्ट येईलच.

"तहान लागली हे सांगायला माणसाले लाज वाटते," बाबा म्हणाले. "मी गार्ड होतो. गाडी कुठंही तासन्तास उभी राहायची. सुराही रिकामी झाली तरी मी कधी कुणाले पाणी मागतलं नाही. वर्दीत होतो ना. येशूनं मागतलं. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यापाशी मागतलं." नजर समोरच्या सतरंजीवर गेली आणि तिथून त्यांनी ती उचलून खिडकीकडे नेली. "एवढंच मले समजते."

आणि ते बसले. पेटीवाला तयार नव्हता. त्याला गीताचं पान सापडेपर्यंत सगळे ताटकळत राहिले. "बस?" मागे कुणीतरी म्हणालं. पाळकांनी बाबांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर वळवली नाही.

बाहेर पडताना नेहमीसारखे हात धरायला कुणी थांबलं नाही. शांताबाई तेवढ्या आल्या, बाबांना काही न बोलता आईच्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

घरी दुपारचा उपास सोडायला आईने लिंबाचं सरबत केलं. बाबांनी पेला हातात घेतला पण प्यायले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली ती नेहमीसारखी दाराकडे तोंड करून नाही, आईसमोर.

"वनमाला," ते म्हणाले, "त्या दिवशी काय झालं होतं? मले माहीत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठू लागले, तिने मानेने बस म्हटलं.

"सकाळी थोडा बरा होता," ती म्हणाली. "मुर्रा दे म्हणला. नुसते मुरमुरे, मीठ लावून. डॉक्टर नाही म्हणला होता. मी दिला नाही. उद्या देते म्हणली त्याले."

बाबांचे ओठ हलले. त्यात तुझी काय चूक, असं काहीतरी ते म्हणणार होते, सांत्वनाचं, त्यांना सहज जमणारं. त्यांनी ते गिळलं. खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"मंग?" त्यांनी विचारलं.

आई सांगू लागली.